चार बाजूंची कथा दोन तबकड्यांत

('जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'. संगीत : अँड्र्यू लॉइड वेबर. गीते : टिम राइस. मूळ ध्वनिमुद्रिका १९७०. सुवर्णमहोत्सवी सीडी-आवृत्ती २०२१.)

गेल्या उपवासकाळात आमच्या युवक मंडळाने आमच्यापुढे एक विनंती ठेवली आणि तिने आम्हांला काही दिवस विचारात पाडले. आमचे हे युवक शिरोली एमआयडीसीत पाळ्या करणारे. कोणी फाउंड्रीत मोल्डिंगला, कोणी फेटलिंगला, कोणी मशिन शॉपमध्ये. त्यांतील एकाच्या मामांनी आखातातून येताना एक जाडजूड, पुस्तकवजा संच आणला होता. आत तीन सीडी. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या गाजलेल्या रॉक-संगीतिकेची ही सुवर्णमहोत्सवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली, तेव्हा आमच्या भागातील कोणाला तिचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैत पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळचा महामार्ग बंद पाडला होता, आणि लोक चिखल उपसण्यातून नुकते कोठे मोकळे होत होते. संच आमच्या दारी आला तो काही वर्षांनी. मुलांची विनंती अशी, की पवित्र आठवड्यात एका संध्याकाळी सभागृहात सर्वांनी बसून ही संगीतिका अथपासून इतिपर्यंत ऐकावी.

बातमी फुटताच एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हांला भेटावयास आले. आयुष्यभर पॅटर्न-मेकर म्हणून राबलेला, मोजके बोलणारा हा माणूस. ते म्हणाले, "फादर, ज्या गाण्यांत प्रभू उठतच नाहीत, ती गाणी आपण पवित्र आठवड्यात कशाला ऐकायची?" आक्षेप साधा होता आणि खरा होता. त्याला 'कला वेगळी आणि श्रद्धा वेगळी' असे ठरीव उत्तर देणे आमच्या जिवावर आले. म्हणून आम्ही तो संच प्रथम एकट्याने ऐकला. एकदा नव्हे, तीन वेळा. त्या ऐकण्याचा हा वृत्तान्त.

ही ध्वनिमुद्रिका आणि आम्ही जवळपास एकाच वयाचे. आमची तिची पहिली भेट १९९० च्या सुमारास पुण्यात, सेमिनरीच्या दिवसांत झाली. आमच्या एका वृद्ध प्राध्यापकांपाशी मूळच्या दोन लाँग-प्ले तबकड्या होत्या. ते एक बाजू संपली की सुई उचलीत, तबकडी उलटण्यापूर्वी चष्मा पुशीत, आणि त्या अर्ध्या मिनिटात कोणी बोललेले त्यांना खपत नसे. तेव्हा आम्हांला तो म्हातारपणाचा चाळा वाटला होता. त्या अर्ध्या मिनिटाचे मोल आम्हांला या सीडीने शिकविले, तेही ते हिरावून घेऊन.

थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे. १९७० साली ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा गीतकार टिम राइस पंचवीस वर्षांचे होते आणि संगीतकार लॉइड वेबर बावीस वर्षांचे. येशूच्या अखेरच्या सात दिवसांवर रॉक-नाटक करावयाचे म्हटल्यावर कोणी नाट्यनिर्माता पुढे येईना. म्हणून नाटकाआधी ध्वनिमुद्रिका असा उलटा प्रवास घडला. १९६९ मध्ये एक गीत एकेरी तबकडीवर निघाले आणि पुढच्या वर्षी संपूर्ण संगीतिका. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ती १९७१ मध्ये उभी राहिली आणि नॉर्मन ज्युइसनचा चित्रपट १९७३ मध्ये आला. तेव्हा ज्या मूळ कृतीचे पुनर्प्रकाशन झाले आहे, ती केवळ कानांसाठी घडविलेली कृती आहे. तिच्यात वेशभूषा नाही, देखावे नाहीत. येशूचा आवाज 'डीप पर्पल' या रॉक वाद्यवृंदाचे गायक इयन गिलन यांचा, यहूदाचा मरे हेड यांचा, मग्दालीया मरियेचा इव्हॉन एलिमन यांचा.

संगीताच्या इतिहासात 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाने जो काळ ओळखला जातो, त्या काळाची सारी लक्षणे येथे दिसतात : सुट्या गाण्यांऐवजी आरंभापासून अखेरपर्यंत एक कथासूत्र, इलेक्ट्रिक गिटारच्या जोडीला सिंफनीचा वाद्यवृंद आणि गायकवृंद, आणि सरळ चार मात्रांची चाल मोडणारे विषम ठेके. मरिया येशूला शांतविते ते 'एव्हरीथिंग्ज ऑलराइट' हे गीत पाच मात्रांचे आहे, तर मंदिरातील बाजाराचा प्रसंग सात मात्रांचा. पाश्चात्त्य श्रोत्याला हे ठेके अडखळविणारे वाटतात. झपताल आणि रूपक कानांवरून गेलेल्या आपल्या माणसाला त्यांचे भय वाटत नाही. आमच्या मंडळातील तबला वाजविणारा मुलगा पहिल्याच ऐकण्यात मांडीवर पाचाचा ठेका धरून बसला होता. त्या गीतात शांतविणारे शब्द आहेत, पण ठेका मात्र कोठेही पूर्ण विसावत नाही. मरियेच्या आश्वासनावर संगीताचा विश्वास नाही, हे त्या मुलाच्या हाताने आमच्याआधी ओळखले.

आता सीडीविषयी. ही आवृत्ती लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत नव्याने 'मास्टर' केलेली आहे. पुनर्मास्टरिंग म्हणजे पुनर्मिश्रण नव्हे, हे ध्यानात घ्यावे. गायक, गिटार, व्हायोलिने यांचे परस्पर प्रमाण पूर्वी ठरले तेच राहते. ठरलेल्या अंतिम मुद्रणावरील धूळ पुसून, उंच-खोल स्वरांचा तोल साधून ते नव्या माध्यमावर उतरविले जाते. आम्ही हे समजावून सांगू लागलो तेव्हा फेटलिंगला काम करणारा मुलगा म्हणाला, "फादर, म्हणजे फेटलिंग झकास केलंय. ओतकाम जुनंच हाय." याहून नेमके आम्हांला सांगता आले नसते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेची फालतू धार घासून काढतात. परंतु प्रमाणाबाहेर घासले तर मापच बिघडते आणि माल परत येतो. येथे माप बिघडलेले नाही. सेमिनरीतील त्या तबकडीवर जो बास गिटार केवळ घुमत असे, त्याची बोटे आता ऐकू येतात. गर्दीच्या कोलाहलातले आवाज एकमेकांपासून सुटे होतात. गेथशेमाने बागेतील गिलन यांची ती तारसप्तकातील किंकाळी आता इतकी जवळ येते, की सभ्य माणसाने मान फिरवावी. तिसऱ्या तबकडीत कच्ची मुद्रणे, गायकांना वाट दाखविण्यासाठी केलेले प्राथमिक गायन आणि निवेदने आहेत. अभ्यासकाला ती मोलाची. ज्याला कथा ऐकावयाची आहे त्याने ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी.

खरा प्रश्न आहे तो विरामांचा. मूळ कृती चार बाजूंवर विभागलेली होती आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी श्रोत्याला उठावे लागे. पहिली बाजू संपते ती याजकगणाच्या निर्णयावर, की येशूला मेलेच पाहिजे. दुसरी बाजू उघडते ती 'होसान्ना'च्या जयघोषाने, आणि संपते यहूदाने घेतलेल्या रुप्याच्या नाण्यांवर. तिसरी उघडते अखेरच्या भोजनाने आणि संपते हेरोदाच्या दरबारातील थिल्लर, नाचऱ्या गाण्यावर. चौथी उघडते यहूदाच्या मृत्यूने. संपूर्ण कृती सुमारे सत्याऐंशी मिनिटांची; एका सीडीत ती मावत नाही, म्हणून दोन. परिणामी तीन विरामांपैकी एकच उरला, दुसऱ्या बाजूअखेरचा.

यात काही लाभ आहे आणि एक हानी आहे. लाभ असा, की मृत्युदंडाचा निर्णय आणि 'होसान्ना' आता लागोपाठ येतात. झावळ्यांच्या रविवारी आपण चर्चमध्ये हेच करतो : हातात झावळ्या घेऊन आत येतो आणि थोड्याच वेळात दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकतो. सीडीने नकळत उपासनेचाच क्रम धरला, असे म्हणावयास हरकत नाही. हानी मात्र तिसऱ्या बाजूअखेर झाली आहे. हेरोदाचे गाणे मुद्दाम विनोदी आहे, श्रोता हसतो. पूर्वी तो हसत हसतच तबकडी उलटावयास उठे, आणि मधल्या शांततेत आपण कशाला हसलो याची त्याला लाज वाटण्यास सवड मिळे. आता ते हसू ओठांवर असतानाच यहूदाचा आक्रोश येऊन आदळतो. धक्का मोठा बसतो, पण लाज वाटत नाही. आमच्या प्राध्यापकांचा तो चष्मा पुसण्याचा चाळा काय होता, हे आम्हांला आता उमगले.

लोकांच्या संगीतात शुभवर्तमान सांगावे काय, हा वाद आपल्या भाषेत नवा नाही. फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचिले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पुराणाच्या ओवीत प्रभूचे चरित्र सांगणे हे त्या काळात रॉक-संगीताहून कमी धाडसाचे नव्हते. नारायण वामन टिळकांचे 'ख्रिस्तायन' त्याच वाटेवरचे. आणि या संगीतिकेशी तर महाराष्ट्राचा थेट ऋणानुबंध आहे. १९७४ मध्ये मुंबईत अलेक पदमसी यांनी ती रंगमंचावर आणली. तीत येशूची भूमिका 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्या रॉक वाद्यवृंदाचे गायक मधुकर धस यांनी केली होती आणि यहूदाची नंदू भेंडे यांनी. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे हे चिरंजीव पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त रॉकच्या ढंगाने गाताना मराठी प्रेक्षकांनी पाहिले. मराठी रंगभूमीवर हा आवाज यहूदाच्या वाटेने आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. नंदू भेंडे २०१४ मध्ये निवर्तले, पदमसी २०१८ मध्ये.

यहूदा! आमच्या मुलांचाही खरा ओढा त्याच्याकडेच होता. संच प्रथम ऐकलेल्यांपैकी एकाने आम्हांला दबक्या आवाजात सांगितले, की यहूदाचे म्हणणे त्याला पटते. गरिबांचा विचार करणारा तोच एक. कंत्राटी कामगार म्हणून काम करणाऱ्या मुलाने हे म्हणावे, यात नवल नाही. त्याला दटावण्याऐवजी आम्ही योहानाचा बारावा अध्याय काढला. बहुमोल सुगंधी तेल ओतले गेले तेव्हा यहूदा म्हणतो, की हे विकून पैसे गरिबांना द्यावयास हवे होते. संगीतिकेत हा प्रसंग आहे. परंतु योहान तेथेच पुढे एक गोष्ट नोंदवितो, की हे तो गरिबांच्या कळवळ्याने बोलला नाही, थैली त्याच्याजवळ असे आणि तो तिच्यातले काढून घेई. राइस यांनी ही एक ओळ गाळली आहे. एक ओळ गाळली आणि चोराचा समाजसेवक झाला. कवीला असा अधिकार असतो हे आम्ही मानतो. परंतु श्रोत्याला त्या गाळण्याची माहिती असण्याचाही अधिकार आहे.

तथापि, संगीतकाराने यहूदाला केवळ कैवार देऊन सोडलेले नाही. यहूदाच्या पहिल्याच गीतात गिटारची जी आवर्तने घुमतात, तीच पुढे पिलातासमोर येशूला फटके मारताना परत येतात. पिलात एकेक फटका मोजतो, एकोणचाळीसपर्यंत. शुभवर्तमानांत हा आकडा नाही. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात चाळीस फटक्यांची मर्यादा आहे, आणि पौल करिंथकरांस लिहिताना एक कमी चाळीस फटके आपण पाच वेळा सोसल्याचे सांगतो. तेथून तो परंपरेत आला. रोमन शिपायांना ती मर्यादा बांधील नव्हती. पण संगीतात त्या मोजणीने जे साधते ते आकड्याच्या अचूकतेपलीकडचे आहे. यहूदाने ज्या चालीवर आपला शहाणपणाचा सल्ला दिला, त्याच चालीवर येशूची पाठ सोलली जाते. शब्द यहूदाला निर्दोष ठरवू पाहतात, वाद्ये ठरवीत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूने, मरणापूर्वी यहूदा मरियेच्याच प्रेमगीताची चाल गातो. ज्याच्यावर प्रेम कसे करावे हे कळत नाही अशी दोन माणसे एका चालीत बांधली गेली आहेत. एकजण थडग्यापाशी जाईल, दुसरा दोराकडे.

दोष आहेत, आणि ते झाकणे योग्य नाही. कयफा आणि त्याचे सोबती येथे खर्जातले खलनायक आहेत. ज्यू संघटनांनी या चित्रणावर आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच स्पष्ट केले होते, की प्रभूच्या दुःखसहनात जे घडले त्याचा दोष त्या काळच्या वा आजच्या समस्त ज्यू लोकांवर लादता येत नाही. मरियेला पतिता म्हणून रंगविण्याची जुनी चूकही येथे आहे. शुभवर्तमाने तिला तसे कोठेही म्हणत नाहीत, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीने सणाचा दर्जा दिला. मत्तयाने पिलाताच्या पत्नीला पडलेले सांगितलेले स्वप्न येथे खुद्द पिलातालाच पडते; ही उचल नाट्यदृष्ट्या चांगली आहे. परंतु धर्मगुरू म्हणून आम्हांला सर्वांत खुपले ते अखेरचे भोजन. शिष्य द्राक्षारसाने सुस्तावलेले, आपल्या भावी कीर्तीच्या गप्पांत रमलेले. आणि भाकर व प्याला यांविषयीचे प्रभूचे वचन देणगी न राहता त्यांच्या बेपर्वाईवरचा कडवट उपरोध बनते. रोज वेदीवर ते वचन उच्चारणाऱ्याला ते ऐकवत नाही. मात्र आमच्याच सभेत किती जण त्या वेळी घड्याळाकडे पाहतात, हे आठवल्यावर आमचा राग थोडा निवळला.

आता त्या पॅटर्न-मेकर गृहस्थांचा आक्षेप. संगीतिकेत पुनरुत्थान नाही, हे खरे. यहूदा मृत्यूनंतर परत येऊन येशूला प्रश्नांवर प्रश्न विचारतो. क्रूसारोहण होते. त्यानंतर एकही शब्द नाही; फक्त तंतुवाद्यांचे सुमारे दोन मिनिटांचे वादन. श्रोते बहुधा तेथे उठून जातात. परंतु त्या शेवटच्या तुकड्याचे नाव वाचावे. ते केवळ एका वचनाचा क्रमांक आहे : योहान, अध्याय एकोणीस, वचन एकेचाळीस. त्या वचनात योहान सांगतो, की क्रूसाच्या जागी एक बाग होती आणि बागेत एक नवी, कोणालाही न ठेवलेली कबर होती. आणि या तुकड्याची चाल कोणती? गेथशेमाने येथे येशूने जी गायिली तीच, आता किंकाळी गळून गेलेली. योहान अठराव्या अध्यायाच्या आरंभी त्या अटकेच्या जागेलाही बागच म्हणतो. एका बागेत सुरू झालेले दुःखसहन दुसऱ्या बागेत संपते, ही योहानाची रचना संगीतकाराने चालीतून पकडली आहे. यहूदाच्या प्रश्नांना शब्दांत उत्तर मिळत नाही. परंतु प्रश्नांनंतर जे संगीत उरते ते यहूदाचे नाही, पित्याची इच्छा स्वीकारणाऱ्या पुत्राचे आहे. यहूदा परिणामांचा हिशेब मांडतो. येशू परिणाम न दिसताही प्याला घेतो. अखेरचा स्वर त्याचा आहे. आणि त्याच बागेत, पुढच्याच अध्यायात, मरिया एका माणसाला माळी समजणार आहे. संगीतिका त्या दारापर्यंत येते आणि थांबते. दार उघडणे हे तिचे काम नव्हे.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांना जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "मग शेवटी टाळ्या नकोत, फादर." ही अट आम्ही आनंदाने मान्य केली.

पवित्र आठवड्यातील बुधवार, जो दिवस परंपरेने यहूदाच्या सौद्याचा मानला जातो, आम्ही निवडला. रात्रपाळीवाल्यांना जाता यावे म्हणून सहाला आरंभ केला. भोजनाचा प्रसंग सुरू होण्यापूर्वी आम्ही आमचा आक्षेप सर्वांना सांगितला, आणि याजकांच्या चित्रणाविषयी परिषदेचे म्हणणेही. हेरोदाचे गाणे संपताच आम्ही यंत्र थांबविले. मुले हसत होती. अर्धे मिनिट गेले. हसू ओसरले, कोणीतरी खाकरले, आणि मग आम्ही पुढचे सुरू केले. अखेरच्या वादनानंतर यंत्र बंद केले. तिसरी तबकडी खोक्यातच राहिली. कोणी टाळी वाजविली नाही. बाहेर महामार्गावरून जाणाऱ्या मालगाड्यांचा आवाज तेवढा येत होता. ते पॅटर्न-मेकर गृहस्थ सर्वांत शेवटी उठले.

ज्यांच्या धर्मग्रामात असा बेत होईल त्यांना आमची विनंती एवढीच : हेरोदानंतर थांबा, शेवटी बोलू नका, आणि त्याच मुलांना शनिवारी रात्री जागरणविधीला घेऊन या. सीडी जेथे थांबते तेथून पुढची कथा सांगणे आपल्याकडे आहे.